बारा व्होल्टचे पाच करताना : मीटर बरोबर दाखवतो, तरी चार्जर परत का येतो?

रिक्षा, टेम्पो, ट्रक यांत मोबाईल चार्ज करण्याची सोय ही आता चैन राहिलेली नाही. भाडे मिळणे, पैसे येणे, रस्ता शोधणे, सगळेच मोबाईलवर आले आहे. त्यामुळे ऑटो इलेक्ट्रिकचे आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंकडे बारा किंवा चोवीस व्होल्टचे पाच व्होल्ट करून देण्याचे काम नेहमी येते. तयार प्लेट बाजारात स्वस्त मिळते. प्रीसेट फिरवून मीटरवर पाच व्होल्ट आणायचे, डबीत बसवायचे आणि गाडीला लावायचे, इतके ते सोपे वाटते.

पण यातला बराच माल परत येतो. कधी चार्जर गरम होऊन बंद पडलेला असतो, तर कधी सोबत गिऱ्हाईकाचा जळालेला मोबाईलही असतो. एका मोबाईलच्या भरपाईत अनेक चार्जरांचा नफा जातो आणि दुकानाचे नाव जाते ते वेगळेच. बहुतेक वेळा कारण एकच असते. बिनलोड पाच व्होल्ट दिसले म्हणजे काम झाले, असे धरलेले असते. खरे तर या सर्किटात आयसी, डायोड, कॉइल आणि कंडेन्सर ही चार माणसांची भागीदारी आहे. एक कच्चा निघाला की बाकीच्या तिघांवर बोजा पडतो.

जुनी रीत आणि नवी रीत

जुन्या ७८०५ आयसीची रीत सरळ आहे. जास्तीचे व्होल्ट ती उष्णता करून टाकते. बारा व्होल्टमधून पाच व्होल्ट, एक अँपिअर घेतले तर पाच वॅट कामाला येतात आणि सात वॅट हीटसिंकवर जातात. ट्रकमध्ये इंजिन चालू असताना अठ्ठावीस व्होल्टपर्यंत मिळतात. तिथे पाच वॅटसाठी तेवीस वॅट फुकट जाळावे लागतील.

स्विचिंग रेग्युलेटर व्होल्ट जाळत नाही, तो वीज तुकड्या-तुकड्यांनी देतो. आयसीतला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. बारा व्होल्टचे पाच करायचे तर स्विच साधारण ४२ टक्के वेळ चालू राहतो, कारण पाचला बाराने भागले की तेवढेच येते. पायाने चालवायचे शिवणयंत्र डोळ्यांसमोर आणा. पाय दाबला जातो तो थांबून-थांबून, पण जड चाकामुळे सुई अखंड चालते. इथे कॉइल हे ते चाक आहे. स्विच बंद असताना कॉइल आपल्यात साठलेली शक्ती सोडते आणि तो करंट डायोडमधून फिरतो. उरलेला चढउतार आउटपुटचा कंडेन्सर सपाट करतो.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या दोन आयसी म्हणजे एलएम २५७६ आणि एलएम २५९६. दोन्ही मूळच्या नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीच्या. २०११ मध्ये ती कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. दोन्ही आयसी ३ अँपिअरच्या आणि ४० व्होल्टपर्यंतच्या इनपुटवर चालणाऱ्या आहेत. महत्त्वाचा फरक वेगाचा आहे. २५७६ ही ५२ किलोहर्ट्झवर चालते आणि २५९६ ही १५० किलोहर्ट्झवर. कॉइल निवडताना सगळा हिशेब इथूनच सुरू होतो.

कॉइलचा हिशेब

कॉइलमधला करंट एकसारखा नसतो, तो वर-खाली होतो. हा चढउतार पूर्ण लोडच्या २० ते ३० टक्के ठेवावा. तो काढायची रीत अशी : इनपुटमधून आउटपुट वजा करा, स्विच चालू राहण्याच्या प्रमाणाने गुणा, मग वेग आणि कॉइलची किंमत यांच्या गुणाकाराने भागा.

बारा व्होल्टचे पाच, २५९६ आयसी आणि ३३ मायक्रोहेन्रीची कॉइल घेतली तर उत्तर ०.५९ अँपिअर येते. तीन अँपिअरच्या आयसीला ते योग्य आहे. २५७६ ला तेवढ्यासाठी १०० मायक्रोहेन्रीची कॉइल लागते, कारण तिचा वेग तिपटीने कमी आहे. अठ्ठावीस व्होल्टवर चालणाऱ्या ट्रकसाठी २५९६ ला ३३ ऐवजी ४७ मायक्रोहेन्रीची कॉइल घ्यावी.

आता बाजारातली गोम ऐका. स्वस्त प्लेटांवर २५९६ असे छापलेली, पण प्रत्यक्षात ५० किलोहर्ट्झच्या आसपास चालणारी आयसी सर्रास सापडते. सोबत कॉइल मात्र ३३ मायक्रोहेन्रीचीच असते. मग चढउतार ०.५९ वरून १.७ अँपिअरवर जातो. दोन अँपिअरच्या लोडलाही कॉइलमधला करंट क्षणोक्षणी २.८५ अँपिअरपर्यंत चढतो. छोट्या कॉइलचा गाभा त्याने भरून जातो, तिचे कॉइलपण संपते आणि ती नुसती तार उरते. मग कॉइलही तापते आणि आयसीही तापते.

याची पारख सोपी आहे. मीटरवर हर्ट्झची रेंज असेल तर चालू प्लेटला थोडा लोड देऊन आयसीच्या २ नंबरच्या पायावर वेग मोजा. १५० च्या जवळ आकडा आला तर ठीक. ५० च्या जवळ आला तर त्या लॉटची कॉइल बदला किंवा तो माल एक अँपिअरच्या कामालाच वापरा. घाऊक माल उचलण्याआधी दोन-तीन प्लेटा अशा तपासल्या तर पुढचा तोटा टळतो.

डायोड : दिसायला सारखा, गुणाने वेगळा

दुरुस्तीत सर्वांत जास्त चूक डायोडमध्ये होते. मूळ डायोड जळाला की हाताशी असलेला १एन४००७ किंवा १एन५४०८ लावला जातो. व्होल्ट आणि अँपिअर पुरेसे दिसतात, मीटरवर पाच व्होल्टही येतात. पण हे डायोड घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी आहेत. इतक्या वेगात ते वेळेवर बंद होत नाहीत. स्विच चालू होताच क्षणभर वीज उलट दिशेने त्यांच्यातून वाहते आणि डायोड व आयसी दोन्ही भाजतात. इथे शॉटकी डायोडच पाहिजे. बारा व्होल्टच्या गाडीला १एन५८२२ किंवा प्लेटवरचा एसएस३४ चालतो. हे दोन्ही ३ अँपिअर, ४० व्होल्टचे आहेत. चोवीस व्होल्टच्या गाडीला ६० व्होल्टचा एसबी३६० लावावा. ट्रकमध्ये स्विच थोडाच वेळ चालू असतो, म्हणून उरलेला सगळा वेळ करंट डायोडला वाहावा लागतो. ट्रकच्या चार्जरमध्ये डायोड जास्त तापतो, तो म्हणूनच.

कंडेन्सर आणि त्याची जागा

कंडेन्सर फुगला नाही म्हणजे चांगला आहे असे समजू नये. आतून सुकला की त्याचा अंतर्गत रेझिस्टन्स वाढतो. चांगल्या कंडेन्सरचा तो ०.०५ ओहम असेल तर ०.६ अँपिअरच्या चढउताराला आउटपुटवर ३० मिलिव्होल्टची थरथर येते. तोच ०.५ ओहम झाला की थरथर ३०० मिलिव्होल्टची होते. मोबाईलचा टच वेडावाकडा चालतो, रेडिओत खरखर येते, पण मीटर मात्र पाच व्होल्टच दाखवतो. साध्या मीटरची एसी रेंज इतक्या वेगावर भरवशाची नसते. छोटा स्कोप किंवा ईएसआर मीटर घेतला तर त्याचे पैसे लवकर वसूल होतात.

कंडेन्सर १०५ अंशांचा घ्यावा आणि डायोड-आयसीपासून थोडा दूर ठेवावा. त्याच्या अंगची उष्णता दहा अंशांनी कमी झाली तर आयुष्य साधारण दुप्पट होते. इनपुटचा कंडेन्सर मात्र आयसीच्या १ आणि ३ नंबरच्या पायांना चिकटून पाहिजे. त्याच्यापासून आयसीपर्यंत, आयसीपासून डायोडपर्यंत आणि परत, ही वाट जितकी आखूड तितका रेडिओचा त्रास कमी. चार इंच वायर काढून लावलेला कंडेन्सर नसल्यासारखाच आहे.

प्रीसेटचा धोका

मोबाईल जळण्याचे एक मोठे कारण हा छोटासा प्रीसेट आहे. आयसी आपल्या ४ नंबरच्या पायावर १.२३ व्होल्ट राहतील अशा बेताने आउटपुट धरून ठेवते. आउटपुटपासून या पायापर्यंत प्रीसेट असतो आणि तिथून ग्राउंडला एक पक्का रेझिस्टन्स असतो. गाडीच्या धक्क्याने किंवा धुळीने प्रीसेट आतून सुटला की पायावर व्होल्ट येत नाहीत. आयसीला वाटते आउटपुट कमी पडले आणि ती स्विच पूर्ण उघडा ठेवते. पाचच्या जागी जवळजवळ सगळे इनपुट मोबाईलला जाते.

म्हणून गाडीच्या कामात प्रीसेट ठेवूच नये. ग्राउंडकडचा रेझिस्टन्स ३३० ओहमचा असेल तर प्रीसेट काढून तिथे १ किलोओहमचा एक टक्केवाला पक्का रेझिस्टन्स लावा. आउटपुट ४.९६ व्होल्ट येते, मोबाईलला ते उत्तम आहे. आयसी शॉर्ट झाली तरीही इनपुट सरळ बाहेर जाते, म्हणून आणखी एक बंदोबस्त करावा. इनपुटला २ अँपिअरचा फ्यूज आणि आउटपुटवर ५.६ व्होल्ट, ५ वॅटचा झेनर. वेळ आली तर झेनर मरतो, फ्यूज उडतो आणि मोबाईल वाचतो.

ट्रकचा वेगळा विचार

चालू गाडीत बॅटरीचे टर्मिनल सुटले तर डायनामोकडून क्षणभर मोठा झटका येतो. चोवीस व्होल्टच्या गाडीत तो ४० व्होल्टची हद्द सहज ओलांडतो. तिथे ६० व्होल्टपर्यंत चालणारी एलएम २५७६ एचव्ही घ्यावी आणि इनपुटला झटका शोषणारा टीव्हीएस डायोड लावावा. एमपी १५८४ ची नखाएवढी प्लेट दिसायला सुबक असते, पण तिची हद्द २८ व्होल्टची आहे. ट्रकमध्ये ती पहिल्याच दिवसापासून काठावर चालते. ती ट्रकसाठी विकू नये.

फॉल्ट कसा पकडावा

आउटपुट शून्य : आधी फ्यूज, मग १ नंबरच्या पायावर इनपुट पाहा. ५ नंबरचा पाय ग्राउंडला आहे का ते पाहा, तो वर गेला की आयसी बंद होते. डायोड शॉर्ट आहे का तेही तपासा.

आउटपुट इनपुटएवढे : वीज काढून १ आणि २ नंबरच्या पायांमध्ये ओहम मोजा. शून्याजवळ असेल तर आयसी गेली. नसेल तर ४ नंबरच्या पायाची लाईन सुटली आहे, तिथे ड्राय सोल्डर शोधा.

लोड दिला की आउटपुट पडते : लोड चालू असतानाच इनपुट मोजा. पाच व्होल्टसाठी आयसीपाशी निदान सात व्होल्ट हवेत. तेही पडत असतील तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. इनपुट ठीक असेल तर कॉइल भरत आहे.

शिट्टी वाजते : ५२ किंवा १५० किलोहर्ट्झ माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. भर लोडवर शिट्टी ऐकू येत असेल तर आयसी डळमळत चालली आहे. पहिला संशय आउटपुट कंडेन्सरवर घ्या.

जळालेला भाग बदलून लगेच सरळ बॅटरीवर लावू नका. इनपुटच्या वायरीत १२ व्होल्ट, २१ वॅटचा गाडीचा बल्ब सिरीजमध्ये घाला आणि बिनलोड चालू करा. बल्ब भगभगीत पेटला तर शॉर्ट अजून आहे. विझलेला राहिला तरच बल्ब काढून पुढे जा.

देण्याआधीची परीक्षा

दहा ओहम, दहा वॅटचे चार सिमेंट रेझिस्टन्स समांतर जोडले की पाच व्होल्टवर बरोबर दोन अँपिअरचा लोड तयार होतो. हा जुगाड दुकानात एकदा करून ठेवावा. चार्जर त्याच्या डबीत बंद करून, या लोडवर अर्धा तास चालवावा. व्होल्ट ४.७५ च्या खाली जाता कामा नयेत आणि अर्ध्या तासानंतरही तेवढेच टिकले पाहिजेत. मग डबी उघडून काय जास्त तापले ते पाहावे. डायोड, कॉइल की आयसी, जो भाग तापतो तोच पुढचा फॉल्ट सांगतो.

तीन अँपिअर छापलेली प्लेट हीटसिंकशिवाय डबीत बंद केली तर तीन अँपिअर देत बसत नाही. ती दोन अँपिअरची म्हणूनच विकावी आणि गिऱ्हाईकाला तसे स्पष्ट सांगावे. फास्ट चार्जिंगवाला मोबाईल याच्यावर साध्या वेगानेच चार्ज होईल, हेही आधीच सांगावे. कमी बोलून पूर्ण दिलेला माल दुकानावर पुन्हा गिऱ्हाईक आणतो, जास्त छापून कमी दिलेला माल भांडण आणतो.

शॉटकी डायोड, पक्का रेझिस्टन्स, फ्यूज, झेनर आणि चांगला कंडेन्सर यांचा जादा खर्च एका चार्जरमागे थोडाच येतो. तो किमतीत धरावा आणि का धरला ते गिऱ्हाईकाला दाखवून द्यावे. तीस सेकंदांत पाच व्होल्ट कोणीही दाखवील. अर्धा तास भर लोडवर पाच व्होल्ट टिकवून दाखवणे हे कारागिराचे काम आहे, आणि मजुरी त्याचीच मिळते.