सोबत आहे, संमती नाही

नाशिकला आलेला माणूस काळारामाचं दर्शन घेतो, सीतागुंफेत वाकून उतरतो, लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून तपोवनात दाखवतात ती जागा पाहतो आणि परततो. पंचवटीला पोचण्याआधी वाटेत झालेल्या एका संभाषणाची जागा मात्र कुणी दाखवत नाही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ते सविस्तर आलं आहे. दंडकारण्यातल्या ऋषींना राक्षसांपासून राखण्याचं वचन रामाने दिलेलं असतं, आणि सीता त्याला थांबवते. ज्यांच्याशी आपलं वैर नाही त्यांना मारायला निघणं योग्य नाही, असं ती स्पष्ट सांगते. सोबत एका तपस्व्याची गोष्ट सांगते. इंद्र योद्ध्याच्या वेषात येतो आणि आपली तलवार त्याच्याकडे ठेव म्हणून सोपवतो. ती जपायची म्हणून तपस्वी तिला क्षणभरही दूर ठेवत नाही, आणि शस्त्राच्या त्या सहवासात त्याचं मन क्रूर होत जातं. राम तिचं सगळं ऐकून घेतो. तू हे प्रेमापोटी बोललीस, याचा मला आनंद आहे, असंही म्हणतो. पण प्राण गेले तरी दिलेला शब्द सोडणार नाही, यावर ठाम राहतो. मग तिघं पुढे चालू लागतात. सीतेने आपलं म्हणणं मागे घेतलेलं नाही आणि साथही सोडलेली नाही.

संगणकावरचे रोल-प्लेइंग गेम लिहिणारे लोक गेली कित्येक वर्षं नेमका हा क्षण पकडायची धडपड करत आहेत. घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल तर हे गेम कानावर आले असतील. खेळणारा एका काल्पनिक जगातला नायक किंवा नायिका होतो. त्याच्यासोबत चार-पाच साथीदार असतात. कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी धर्मनिष्ठ योद्धा. लढाईत ते उपयोगी पडतात, पण या गेमचा खरा जीव लढाईत नाही. रात्री मुक्कामावर शेकोटीपाशी साथीदार तुम्हाला गाठतो आणि विचारतो, आज तू त्या माणसाला का मारलंस? गावाकडून एवढे पैसे का उकळलेस? उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तराचे परिणाम होतात.

याची सुरुवात संगणकावर झाली नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत आला, तो टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा खेळ. बरोबर घेतलेली पगारी माणसं किती निष्ठावान राहतील, याचे नियम त्यात पहिल्यापासून होते. नायकाच्या व्यक्तिमत्त्वाची छाप जितकी मोठी, तितकी माणसं टिकण्याची शक्यता जास्त. टेबलावर बाकीचे साथीदार म्हणजे खरी माणसं. कैद्याला मारायचं की सोडायचं यावरून मित्रामित्रांत अर्धा तास वाद रंगू शकतो, आणि तो मिटवायला कुठलंही गणित लागत नाही.

संगणकाला मात्र गणित लागतं. प्रत्येक साथीदाराच्या नावापुढे एक आकडा ठेवलेला असतो. तुम्ही भुकेल्याला भाकरी दिलीत की एकाचा आकडा दोनने वाढतो, दुसऱ्याचा तीनने उतरतो. ठरावीक मर्यादा ओलांडली की साथीदार मन मोकळं करतो, प्रेमात पडतो, नाहीतर चालता होतो. १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये ही पद्धत अजून ठोकळ होती. सगळ्या टोळीची मिळून एकच प्रतिष्ठा, एक ते वीसच्या मापावर. ती घसरली की सज्जन साथीदार कुरकुर करत निघून जात, आणि फार चढली की दुर्जन साथीदार. कुणाला नेमकं काय खटकलं, हे त्यातून कळत नसे.

तो गेम करणाऱ्या कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने २००९ साली ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ आणला आणि प्रत्येक साथीदाराला उणे शंभर ते अधिक शंभर असं स्वतंत्र माप दिलं. आता माणसं वेगवेगळी दिसू लागली. मॉरिगनला दया दाखवलेली आवडत नाही. लेलियाना आणि विन यांना ती आवडते. पण याच गेममध्ये या पद्धतीचं मोठं वैगुण्यही दिसतं. आकडा भेटवस्तूंनी वाढवता येतो. मॉरिगनला दागिने द्या, ओग्रेनला दारू द्या, आणि सकाळी केलेलं दुष्कृत्य संध्याकाळपर्यंत भरून काढा. रुसलेल्या व्याह्याला मानपान देऊन गप्प करावं, तसं. मतभेद म्हणजे कुणाला काहीतरी चुकीचं वाटणं. वस्तू देऊन ते वाटणं बदलत असेल, तर तो मतभेद नव्हताच.

हे त्या लेखकांनाही जाणवलं असावं, कारण त्यांनी त्याच गेममध्ये काही जागा आकड्याच्या आवाक्याबाहेर ठेवल्या. अ‍ॅलिस्टेअर हा सुरुवातीपासूनचा साथीदार, हसरा, प्रेमळ. त्याच्या पित्यासारख्या गुरूला आणि राजाला रणांगणात मरायला सोडून सेनापती लोघेन निघून गेलेला असतो. कथेच्या उत्तरार्धात लोघेन तुमच्या हाती लागतो आणि त्याला जिवंत ठेवून आपल्या पथकात घेण्याचा पर्याय समोर येतो. राजकारण म्हणून तो शहाणपणाचा वाटू शकतो. पण तो निवडलात तर अ‍ॅलिस्टेअर पथक सोडतो. त्याच्या नावापुढे पूर्ण शंभर असले तरी सोडतो. ते शंभर गुण कितीही खऱ्या मैत्रीने मिळवलेले असोत, इथे कामाला येत नाहीत.

हा प्रसंग खेळलेल्या कुणालाही गंगापूर रोडने जाताना आनंदवल्लीपाशी थोडं थांबावंसं वाटेल. राघोबादादांचं आणि आनंदीबाईंचं हे गाव. गावाचं नावच आनंदीबाईंवरून पडलं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि राघोबादादा पेशवे झाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, दादांना दोषी धरलं, याला देहान्त हेच प्रायश्चित्त असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं, अशी परंपरा आहे. दादांकडे द्यायला काय कमी होतं? पद होतं, इनामं होती. पण इथे देण्याघेण्याचा संबंधच संपला होता. याच रामशास्त्रींची त्याआधीची एक गोष्टही सांगितली जाते. तरुण माधवराव पेशवे जपजाप्यात इतके गुंतले की राज्यकारभार अडू लागला. शास्त्रीबुवा म्हणाले, हेच करायचं असेल तर गादी सोडून गंगाकाठी जाऊन बसू. नाहीतर हे सोडा. माधवरावांनी जप आवरला आणि शास्त्रीबुवा राहिले. माणूस तोच, स्पष्टपणाही तोच. माधवरावांनी ऐकलं, दादा ऐकणार नव्हते, एवढाच फरक. गेममधला साथीदार याच मापाने तपासावा असं मला वाटतं: तो नायकाला बदलू शकतो का? बहुतेक गेममध्ये साथीदार खूश होतो किंवा नाराज होतो. नायकाला आपलं वागणं बदलायला भाग पाडणारा साथीदार क्वचितच भेटतो.

२०११ च्या ‘ड्रॅगन एज २’ने एक वेगळी वाट काढली. तिथे मापाचं एक टोक मैत्रीचं आहे आणि दुसरं प्रतिस्पर्ध्याचं. सतत विरोधात वागूनही साथीदार टिकू शकतो, इतकंच नव्हे तर ते नातं घट्ट होत जातं. तो तुमच्याशी भांडतो आणि तरीही तुमच्यासाठी लढतो. समीक्षकांनी या गेमला इतर कारणांसाठी बरीच नावं ठेवली. पण निष्ठा आणि सहमती या दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या, हा त्यातला विचार मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो.

निष्ठेची काळी बाजूही आहे. २००३ च्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये झालबार हा केसाळ, बलदंड साथीदार तुमच्याशी प्राणऋणाच्या शपथेने बांधलेला असतो. मिशन नावाची किशोरवयीन मुलगी त्याची जिवलग मैत्रीण. तुम्ही दुष्टपणाचा मार्ग धरलात तर मिशन नकार देते, आणि तुम्ही झालबारला त्याच्या शपथेच्या बळावर तिला मारायला भाग पाडू शकता. खेळणाऱ्यांना हा प्रसंग विसरता येत नाही, कारण इथे निष्ठाच गुन्ह्याचं हत्यार होते. पंचवटीच्या कथेत हे स्थान मारीचाचं आहे. रामाच्या वाटेला जाऊ नकोस, कुळाचा नाश होईल, असं तो रावणाला पोटतिडकीने समजावतो. रावण ठार मारण्याची धमकी देतो. दोन्हीकडे मरणच आहे हे ओळखून मारीच सोन्याचा मृग होतो. त्याचा विरोध खरा होता आणि त्याचं आज्ञापालनही खरं होतं. झालबारवर शपथेचं बंधन, मारीचावर जिवाचं भय. दोघांनाही मनाविरुद्ध तेच करावं लागलं.

आणि लक्ष्मण? सीतेला सोडून जाऊ नकोस, ही रामाची आज्ञा. रामाच्या आवाजातली हाक येते आणि सीता त्याला जायला सांगते. तो जात नाही म्हटल्यावर त्याच्या हेतूवर अतिशय कठोर आरोप करते. तो जातो. पुढे राम त्यालाच दोष देतो: रागावलेल्या बाईच्या शब्दाखातर तू माझी आज्ञा मोडलीस. वाल्मीकींच्या या प्रसंगात लक्ष्मणरेषा नाही. रेषा आली की सगळं नियम पाळण्या-मोडण्यावर येतं. मुळात आहे ती दोन निष्ठांची ओढाताण, जिच्यात कुठलाही पर्याय निर्दोष नाही.

२०२३ साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ने हा सगळा प्रकार कोट्यवधी लोकांपर्यंत नेला. तुम्ही काही केलंत की पडद्याच्या कोपऱ्यात लगेच उमटतं, अमुक साथीदाराला हे रुचलं, तमुकला रुचलं नाही. निर्वासितांनी आसरा घेतलेल्या राईवर तुम्ही गॉब्लिनांना घेऊन हल्ला केलात, तर विल आणि कार्लाक तुम्हाला सोडून जातात. लेखन उत्तम आहे. पण त्या कोपऱ्यातल्या ओळीमुळे खेळण्याची एक सवय बळावते. नापसंतीची ओळ दिसली की खेळणारा मागच्या ‘सेव्ह’वर परत जातो आणि दुसरं उत्तर देतो. किंवा चांगलं काम करायला निघताना अ‍ॅस्टेरियनला मुक्कामावरच ठेवतो, कारण परोपकार पाहून तो वैतागतो. अशाने साथीदाराशी वाद घालण्याऐवजी त्याची मनधरणी सुरू होते. आकडा लपवला, निदान उशिरा दाखवला, तर माणसं पुन्हा समोरच्याचं बोलणं ऐकू लागतील.

आपल्याकडे असे गेम बनवण्याची क्षमता आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ जगभर पोचवला. राजी आपल्या धाकट्या भावाला शोधत निघते, दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगत राहतात, आणि चित्रं, शिल्पं, मंडलं सगळी इथल्या मातीतली आहेत. पण तो लढाईचा गेम आहे. राजीच्या निर्णयाला हरकत घेणारा साथीदार त्यात नाही. पुढचं काम ते आहे, आणि त्यासाठी दंडकारण्याइतकी भरलेली सामग्री दुसरीकडे शोधावी लागणार नाही.

असा गेम कुणी हाती घेतला तर त्याची खरी परीक्षा खर-दूषणांच्या लढाईनंतर होईल. राम एकट्याने चौदा हजार राक्षस मारतो; लक्ष्मण सीतेला घेऊन गुहेत थांबलेला असतो. लढाई संपल्यावर सीता बाहेर येते आणि सुखरूप उभ्या असलेल्या रामाला आनंदाने मिठी मारते. वैर नसताना मारू नकोस असं सांगणारी हीच सीता. तिच्या नावापुढच्या आकड्यात त्या क्षणी किती मिळवायचे आणि किती वजा करायचे? तिथे एका मापाने भागणार नाही. लेखकाला निदान दोन तरी ठेवावी लागतील, आणि एक वाढलं म्हणून दुसरं आपोआप वाढणार नाही अशी व्यवस्था करावी लागेल.