स्पेलिंग का चुकते?

ब्रिटिश अमदानीतील इंग्रजी कागदपत्रांत सोलापूरचे नाव ‘एस’नंतर ‘एच’ घालून, म्हणजे ‘शोलापूर’ असे लिहिलेले आढळते. आज तो ‘एच’ गळाला आहे. गावाच्या नावाची ही गत, तर इतर शब्दांचे काय?

देवनागरीत बहुतांशी उच्चाराप्रमाणे लिहिण्याची आपणांस सवय. इंग्रजीचे तसे नाही. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना काढला. पुढे छापील स्पेलिंग हळूहळू स्थिरावले, उच्चार मात्र बदलत राहिले. ‘नाइफ’च्या आरंभीचा ‘के’ पूर्वी उच्चारला जात असे, आता तो केवळ लिहावयाचा. म्हणूनच घरी मराठी, कन्नड, तेलुगू वा उर्दू बोलणाऱ्या सोलापूरच्या मुलाने तो गाळला, तर त्यास मठ्ठ ठरविणे अन्यायाचे होय. त्याने ऐकले तसेच लिहिलेले असते.

नुसती घोकंपट्टी येथे फारशी उपयोगी पडत नाही. शब्द नीट पाहावा, झाकावा, आठवून लिहावा व ताडून पाहावा. चुकलेल्या अक्षराखालीच रेघ ओढावी. दोन दिवसांनी तोच शब्द पुन्हा लिहावा. ‘नाइफ’सोबत त्याचे भाऊबंद, ‘नी’ म्हणजे गुडघा आणि ‘नॉट’ म्हणजे गाठ, हेही शिकवावेत. विणकराच्या घरातील मुलाला गाठ काही नवी नसते.