राखेखालचा विस्तव

माळव्यात थंडी पडू लागली की इंदूरच्या मराठी घरांतूनही दाल-बाफल्यांचे बेत ठरू लागतात. कणकेचे गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवावयाचे, मग अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर खरपूस भाजावयाचे आणि तुपात बुडवून वाढावयाचे, असा हा थाट. पंगत उठली म्हणजे मंडळी तृप्त होऊन घरात जातात आणि अंगणातल्या त्या राखाडी ढिगाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. खरा धोका तेथेच असतो.

गतवर्षी पौष महिन्यात आमच्या घरी असाच बेत झाला. जेवणे होऊन दोन-अडीच तास लोटले होते. आमच्या धाकट्या भावाचा चेंडू राखेत गेला आणि तो आणावयास बाळ अनवाणीच धावला. दुसऱ्याच क्षणी त्याची किंकाळी ऐकू आली. वरची राख गार होती. आत मात्र निखारे धगधगत होते.

हे असे का होते? राख ही उष्णतेची मंद वाहक आहे. ती निखाऱ्यांची ऊब आत कोंडून ठेवते आणि हवाही बेताचीच पोहोचू देते. त्यामुळे विस्तव जळून न संपता धुमसत राहतो. पूर्वी आपल्या आज्या-पणज्या रात्री चुलीतील निखारे राखेने झाकीत आणि पहाटे फुंकर घालून जागवीत, त्याचे रहस्य हेच. ज्या युक्तीने त्यांनी विस्तव जपला, तीच आपण नकळत अंगणात करीत असतो. म्हणून जेवण आटोपताच ढिगाऱ्यावर दुरूनच, हळूहळू पाणी शिंपडावे. एकदम ओतल्यास तप्त वाफ व राख अंगावर येते. मग लांब काठीने राख उकरून पुन्हा पाणी घालावे. नुसती माती लोटून भागत नाही. मातीखालीही विस्तव जिवंत राहतो.

उरलेले निखारे वाया कशाला घालवावयाचे, असे म्हणून ते शेगडीत भरून निजावयाच्या खोलीत नेण्याचा मोह तर याहून भयंकर! अपुऱ्या हवेत जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास ना रंग, ना वास. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. साहजिकच शरीरास प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि निजलेला मनुष्य कदाचित पुन्हा उठतच नाही. धूर दिसत नाही म्हणून भय नाही, असे समजू नये. शेगडी बाहेरच राहू द्यावी. कोणास असा त्रास झालाच, तर त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विस्तव पेटविण्यापूर्वीही काही पथ्ये पाळावीत. जागा गवत, मांडव व वाळत घातलेले कपडे यांपासून दूर असावी. अंगात सुती कपडे असावेत. नायलॉनसारखे कापड वितळून कातडीस चिकटते. पदर व ओढणी खोचून घ्यावी. धुमसत्या गोवऱ्यांवर रॉकेल कदापि ओतू नये; त्याची वाफ भडकून ज्वाळा हातापर्यंत येते. पाण्याची बादली आधीच भरून ठेवावी आणि मोठे माणूस शेवटपर्यंत तेथे असावे.

बाळाच्या पायास कोणी हळद लावू पाहत होते, कोणी दंतमंजन. सुदैवाने आईने त्याचा पाय नळाखाली धरला. पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितले : भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, बर्फ, तेल, हळद काही लावू नये, फोड फोडू नयेत, स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा.

बाळाचा पाय आता बरा आहे. यंदाही आमच्याकडे बाफले झाले. मात्र पंगत उठल्यावर बादली घेऊन अंगणात सर्वांत आधी धावला तो बाळच! वाचकहो, आपल्या घरीही हे काम कोणाकडे तरी नेमून द्यावे, एवढेच आमचे मागणे.