आरएक्स १०० ‘फुल ओरिजिनल’ आहे म्हणे? प्लेट सोडा, लोखंडातला नंबर वाचा

‘आरएक्स १००, १९९४ मॉडेल, फुल ओरिजिनल, पेपर क्लिअर, फक्त सिरीयस बायर.’ नंदुरबार, शहादा, तळोदा भागातल्या गाड्यांच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असाल, तर असा मेसेज तुम्ही पाहिलाच असेल. सोबत चकचकीत टाकीचे चार फोटो, सायलेन्सरचा आवाज ऐकवणारा एक व्हिडिओ आणि नव्या बाइकला लाजवेल अशी किंमत.

यामाहाची आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. इंजिन ९८ सीसीचं, टू-स्ट्रोक. आज तिला भाव मिळतो तो ‘ओरिजिनल’ या एका शब्दाला. आणि जिथे एका शब्दाला एवढा भाव, तिथे तो शब्द बनवून देणारेही असतात.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणकार माणूस घोड्याची झूल आणि लगाम बघून पैसे मोजत नाही. तो तोंड उघडून दात बघतो, अंगावरचे भोवरे बघतो. बाइकचे दात म्हणजे चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. टाकी, स्टिकर, मोनोग्राम, रिव्हेट मारलेली कंपनीची प्लेट ही सगळी झूल.

अमेरिकेत हा खेळ जुना आहे

तुम्ही रील्समध्ये ज्या ‘मसल कार’ बघता, त्यांच्या बाजारात हा प्रश्न कितीतरी वर्षं चालू आहे. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेलं दांडगं व्ही-८ इंजिन. पॉन्टियाक जीटीओ हे त्यातलं गाजलेलं नाव. गंमत अशी, की १९६४ आणि १९६५ साली जीटीओ हे वेगळं मॉडेल नव्हतंच. साध्या ‘ल मान्स’ गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचं ते पॅकेज होतं. त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाडीचा नंबर वाचून ती खरी जीटीओ आहे की नाही हे कळतच नाही, फॅक्टरीचे कागद शोधावे लागतात. १९६६ पासून जीटीओच्या नंबरची सुरुवात २४२ ने होऊ लागली आणि काम सोपं झालं.

प्लिमथच्या १९७१ च्या ‘कुडा’मध्ये तर सगळा खेळ एका अक्षराचा. नंबरमधलं पाचवं अक्षर ‘आर’ असेल तर गाडी कारखान्यातूनच ४२६ हेमी इंजिन घेऊन निघाली. अशी एक उघड्या टपाची हेमी कुडा २०१४ साली सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. दिसायला तशीच, पण वेगळ्या अक्षराची गाडी त्याच्या आसपासही पोचत नाही. मग काय, लोक नकली प्लेटा बनवू लागले, जुन्या पद्धतीचे रिव्हेटसुद्धा मिळवू लागले. नंबर खोडणं किंवा बदलणं हा तिथे फेडरल गुन्हा आहे, तरी हे थांबलेलं नाही. म्हणून तिथला हुशार गिऱ्हाईक प्लेट वाचतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. इंजिन ब्लॉकवर आणि बॉडीच्या आत ठोकलेले नंबर प्लेटशी जुळतात का ते बघतो. ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात ते हेच.

आपल्याकडे ही जुळवाजुळव करून देते ती आरसी. तिच्यावर चेसिस आणि इंजिन, दोन्ही नंबर असतात.

आरएक्समध्ये काय काय चालतं?

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे आरएक्स १०० बंद झाल्यानंतरची १३५ सीसीची आरएक्स घ्यायची आणि टाकी, साइड पॅनल, स्टिकर बदलून तिला १०० म्हणून विकायची. दोघींचा चेहरामोहरा सारखाच, त्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो. यात पैसे जास्त जातात, पण आरसीवर १३५ चेच नंबर असतील तर निदान गाडी तरी तुमच्याकडे राहते. स्वतःच्या हौसेने कोणी अशी गाडी बनवली आणि विकताना खरं सांगितलं, तर माझी त्याला हरकत नाही. कायद्याची असू शकते, ते पुढे येतंच.

दुसरा प्रकार भयंकर. एखादी आरएक्स १०० भंगारात गेली, पण तिचे कागद कोणाकडे तरी शिल्लक आहेत. मग दुसरी फ्रेम आणायची (ती कुठून आली ते विचारू नका), तिच्यावरचा नंबर ग्राइंडरने घासायचा आणि कागदावरचा नंबर ठोकायचा. किंवा भंगार गाडीचा नंबर असलेला तुकडाच कापून नव्या फ्रेमला वेल्डिंग करायचा. कागद खरे, नंबर खरा, गाडी मात्र भलत्याचीच. ती चोरीची निघाली तर पोलीस मुद्देमाल म्हणून जप्त करतात. तुमचे पैसे अडकतात आणि तुम्हाला काही माहीत नव्हतं हे सांगत फिरण्याची वेळ येते. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही गुन्हेगार ठरतो.

पेन्सिल आणि मोबाइल एवढं पुरे

चेसिस नंबर हँडलखालच्या जाड पाइपवर ठोकलेला असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर. आधी कापडाने ग्रीस पुसा. मग नंबरवर पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घासा. आरटीओच्या एनओसीच्या फॉर्मवर एजंट चेसिसचा जो छाप चिकटवतात, तो असाच काढतात. छापात डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात: एखादा आकडा खोल, एखादा उथळ, ओळ वाकडी, दोन आकड्यांमधलं अंतर कमी-जास्त. कारखान्याचा ठसा सहसा इतका गबाळा नसतो.

आता मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका मारा. समोरून मारलात तर काही दिसणार नाही. नंबरभोवतीची जागा आजूबाजूच्या पाइपपेक्षा चपटी किंवा खोलगट दिसली, तर तिथे ग्राइंडर फिरलाय. पाइपला वळसा घालणारी बारीक रेघ दिसली तर वेल्डिंगचा संशय घ्या. बाकी फ्रेमचा रंग जुना आणि फक्त तेवढाच भाग ताजा काळा असेल, तर रंग कशासाठी मारला हे विचारा. सगळ्याचे मॅक्रो मोडमध्ये फोटो काढून ठेवा. विकणारा फोटो काढू देत नसेल, तर चहा प्या आणि घरी या.

घासलेला नंबर कायमचा जातो का? बऱ्याचदा नाही! पंच ठोकताना धातू वर खड्डा पडून थांबत नाही, खाली खोलवरही दाबला जातो. वरचा थर घासला तरी हा दाबलेला भाग तसाच राहतो. त्यावर विशिष्ट आम्ल लावलं की दाबलेला आणि न दाबलेला धातू वेगवेगळ्या वेगाने झिजतो आणि जुना आकडा पुसट का होईना, वर येतो. फॉरेन्सिक लॅबमध्ये हेच करतात. घरी करू नका, पुरावाही जाईल आणि बोटंही.

एमएच ३९ बघून खुश होताय? थांबा

नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी, धुळ्यातून वेगळा होऊन. आरएक्स १०० तर १९९६ लाच बंद झालेली. म्हणजे त्या काळी नंदुरबारात विकल्या गेलेल्या गाडीला धुळ्याचा एमएच १८ नंबर असायला हवा, आणि १९८९ च्या आधीची असेल तर जुन्या पद्धतीचा तीन अक्षरी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालक बदलला म्हणून नंबर बदलत नाही. मग ‘१९९४ मॉडेल, एमएच ३९’ कसं? गाडी परराज्यातून येऊन इथे नव्याने नोंदलेली असू शकते, आपल्याला गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्ही जवळ. नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, तिथे गाड्यांची ये-जा काय नवी? असं झालं असेल तर मूळ नंबर आणि तिकडच्या आरटीओची एनओसी दाखवता आली पाहिजे.

एचएसआरपी बसवलीय म्हणून गाडी खरी, हाही गैरसमज आहे. त्या प्लेटवरचा लेझर कोड प्लेट खरी असल्याचं सांगतो. ती बसवणारा तुमच्या फ्रेमची तपासणी करून देत नाही.

एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून मॉडेल, नोंदणीची तारीख, इंधन, आरसीची मुदत बघा. ॲपमध्ये चेसिस नंबर पूर्ण दिसत नाही, म्हणून विकणाऱ्याला त्याच्याच मोबाइलवर डिजिलॉकर उघडून आरसी दाखवायला सांगा. स्क्रीनशॉट चालणार नाही. चोरीची नोंद आहे का हे एनसीआरबीच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर तपासता येतं. एक सांगून ठेवतो, जुन्या गाडीचा रेकॉर्ड ऑनलाइन सापडला नाही म्हणजे ती चोरीचीच असं नाही. अनेक जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढायची राहिली आहेत. त्यासाठी आरटीओत ‘बॅकलॉग एंट्री’ होते. ती विकणाऱ्याने करून द्यावी, नंतर तुम्ही चकरा मारू नयेत.

इंजिन बदललेलं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हौसेने १०० चं १३५ करणाऱ्यांसाठी हे.

‘भाऊ, व्हिंटेज पासिंग करून घेऊ’ असं कोणी म्हणालं, तर हिशोब करा. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात हवी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं, आणि तीही रोज कॉलेजला न्यायला चालत नाही. १९८५ ची सगळ्यात पहिली आरएक्स १०० सुद्धा २०३५ च्या आधी त्यात बसत नाही.