अडथळ्यांची शर्यत

शाळांच्या वार्षिक क्रीडासंमेलनात एक दृश्य हटकून दिसते. शंभर मीटर धावण्याची शर्यत सुरू होते आणि पंधरा-वीस सेकंदांत संपते. पहिल्या तिघांची नावे पुकारली जातात. आठवा आलेला मुलगा मान खाली घालून मैदानाबाहेर पडतो. थोड्या वेळाने पोत्यांची शर्यत येते. मुले कमरेपर्यंत पोत्यात शिरून उड्या मारीत निघतात, अडखळतात, पडतात आणि पुन्हा उठतात. प्रेक्षक दोरीपाशी गर्दी करतात. मघाचा तो आठवा मुलगा याही शर्यतीत बहुधा पहिला येत नाही. पण या वेळी तो हसत हसत शेवटच्या रेषेपर्यंत जातो आणि मित्रांना विचारतो, ‘पुन्हा कधी?’

हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो; वस्तुतः तो फार महत्त्वाचा आहे. धावणे हा मनुष्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त व्यायाम. त्याला ना साहित्य लागते, ना क्रीडागृह. तरीही असंख्य माणसे शाळा सुटताच धावणे सोडतात, ती कायमचीच. पाय थकले म्हणून ती ते सोडीत नाहीत. ‘धावणे आपले काम नव्हे’ असा निकाल त्यांनी लहानपणीच स्वतःविरुद्ध देऊन टाकलेला असतो म्हणून सोडतात.

सरळ शर्यतीत एकच प्रश्न असतो : अधिक वेगवान कोण? त्याचे उत्तर वर्गातील प्रत्येकाला शर्यतीपूर्वीच ठाऊक असते. शर्यतीत अडथळे आले की एका प्रश्नाचे अनेक प्रश्न होतात. पोत्यात लांब टांगांचा उपयोग नसतो. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत अतिवेग हाच शत्रू ठरतो. तीन पायांच्या शर्यतीत तर एकट्याचे कौशल्य फुकट जाते; ज्यांची पावले जुळतात तीच जोडी पुढे सरकते. तोल, धीर, युक्ती आणि सहकार्य या गुणांनाही मग वाव मिळतो. शिवाय मन पुढच्या अडथळ्याकडे लागल्यामुळे अंतर मोजण्याचा कंटाळा येत नाही. लांबचा पल्ला लहान लहान तुकड्यांत विभागला जातो आणि प्रत्येक तुकडा संपला की एक छोटासा विजय पदरी पडतो.

अडथळ्यांच्या धावण्याला मोठा इतिहास आहे. ऑलिंपिकमधील ‘स्टीपलचेस’ ही शर्यत मूळची घोडेस्वारांची. गावाच्या चर्चचा उंच मनोरा लांबून दिसे. त्या खुणेच्या रोखाने कुंपणे, चर आणि ओढे ओलांडीत घोडे पिटाळावयाचे, असा हा खेळ. पुढे इंग्लंडमधील विद्यार्थ्यांनी घोडा वगळून स्वतःच्याच पायांनी तो खेळण्यास प्रारंभ केला. आजच्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ वेळा अडसर आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी अडसराची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. साध्या अडथळा शर्यतीतील हर्डल पाय लागताच पडते. हा अडसर मात्र जागचा हलत नाही. स्त्रियांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथम २००८ साली बीजिंग येथे झाली.

या कठीण प्रकारात महाराष्ट्राच्या दुष्काळी भागातून आलेल्या दोन धावपटूंनी देशाचे नाव उंचावले, ही मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट होय. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या ललिता बाबर प्रथम खो-खो खेळत. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावे स्थान मिळविले. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे अविनाश साबळे सैन्यात दाखल झाले आणि तेथून धावण्याकडे वळले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ते रौप्यपदकाचे मानकरी ठरले. सुवर्णपदक हुकले, ते अवघ्या पाच शतांश सेकंदाने! पुढच्याच वर्षी हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

तथापि स्टीपलचेसमध्येही अखेरचा निवाडा घड्याळच करते. सामान्य माणसाला धावण्याकडे ओढण्यासाठी आणखी वेगळी कल्पना हवी होती. तिचा एक सुंदर नमुना १९३८ साली मलायातील क्वालालंपूर येथे उदयास आला. तेथील काही ब्रिटिश नोकरदारांनी ‘हॅश हाउस हॅरिअर्स’ नावाची मंडळी जमविली. इंग्रजी शाळांतील ससा आणि शिकारी कुत्रे यांचा जुना खेळ हा त्यांचा आधार. एक-दोघे ‘ससे’ होऊन कागदाचे कपटे टाकीत पुढे जातात आणि बाकीचे त्या मागावरून धावतात. यातील मख्खी अशी, की ससे मुद्दाम खोटे मागही टाकून ठेवतात. आघाडीचे धावपटू अशा मागावर वेगाने जातात, तो माग एकदम संपतो आणि त्यांना परत फिरावे लागते. तेवढ्या वेळात मागे राहिलेली मंडळी त्यांना येऊन मिळतात. अशा रीतीने शक्तिमान आणि अशक्त, तरुण आणि प्रौढ हे सारे एकाच घोळक्यात राहतात. संस्थापकांपैकी गिस्पर्ट हे १९४२ साली सिंगापूरच्या लढाईत मारले गेले. परंतु युद्धानंतर हा खेळ पुन्हा सुरू झाला आणि जगभर पसरला. या मंडळीने १९५० साली नोंदविलेल्या उद्दिष्टांत एक असेही होते, की वयस्क सभासदांना आपण समजतो तितके म्हातारे झालेलो नाही, हे पटवून द्यावे. व्यायामाचा याहून मनमोकळा हेतू क्वचितच कोणी कागदावर उतरविला असेल.

दुसरी कल्पना सोंगाची आणि प्रसंगाची. इंग्लंडमधील ओल्नी या गावी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आदल्या दिवशी स्त्रिया हातात तवा आणि त्यात धिरड्यासारखा पॅनकेक घेऊन धावतात. १४४५ साली एक गृहिणी चर्चची घंटा ऐकून तव्यासह धावत सुटली, अशी त्यामागची आख्यायिका आहे. सॅन फ्रान्सिस्को शहर १९०६ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झाले होते. नागरिकांना उभारी यावी म्हणून तेथे १९१२ साली उपसागराच्या काठापासून महासागराच्या काठापर्यंत शर्यत सुरू झाली. सुमारे बारा किलोमीटरच्या या शर्यतीत आज हजारो माणसे नाना प्रकारची सोंगे घेऊन धावतात. तेरा जण एकमेकांना बांधून घेऊन गोमेसारखे धावतात, हेही तिचे एक वैशिष्ट्य. आपल्या तीन पायांच्या शर्यतीचाच हा विस्तार म्हणावयाचा! मुंबई मॅरेथॉनमध्ये २००४ पासून होणाऱ्या ‘ड्रीम रन’मध्येही हाच भाव दिसतो. तेथे वेळ मोजली जात नाही. लोक वेष पालटून, फलक घेऊन, कुटुंबासह रमतगमत जातात. सोंग घेतलेल्या माणसाला आपल्या प्रतिष्ठेची काळजी उरत नाही. हळू धावल्याची लाज वाटण्याऐवजी त्याला लोकांना हसविल्याचा आनंद मिळतो.

या दोन्ही प्रवाहांचा संगम अलीकडच्या चिखलातील शर्यतींत झाला आहे. इंग्लंडमध्ये १९८७ साली ‘टफ गाय’ ही शर्यत भर हिवाळ्यात सुरू झाली. अमेरिकेत २०१० साली ‘टफ मडर’ निघाली. तिच्या मुख्य धावेत क्रमांक नसतात आणि सोबत्यांना मदत करण्याची शपथ घेऊनच धावावयाचे असते. काही भिंती इतक्या उंच आणि निसरड्या असतात, की वरून कोणी हात दिल्यावाचून माणूस चढूच शकत नाही. अनोळखी माणसे एकमेकांना खांदा देतात. इतर शर्यतींत जो प्रतिस्पर्धी, तोच येथे आधार होतो.

गंमत आणि बेफिकिरी यांत मात्र भेद केला पाहिजे. २०१३ साली अमेरिकेत अशाच एका शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यात बुडून एका तरुणाचा मृत्यू झाला. म्हणून अडथळा कसाही असला, तरी खाली मऊ माती हवी, पाणी गुडघ्यापेक्षा खोल नसावे, दोर आणि लाकूड आधी तपासलेले असावे, जवळ प्रथमोपचाराची सोय असावी आणि ज्याला अडथळा नको त्याला बाजूने जाण्याची मोकळीक असावी. भीती वाटणाऱ्याला ढकलले, तर शर्यतीचा मूळ हेतूच फसतो.

अशी शर्यत भरविण्यास फार पैसा लागत नाही. कोणत्याही गावात वा वसाहतीत दहा-वीस गोणपाटे, चार जुने टायर, एक जाड दोर आणि थोडी फक्की मिळू शकते. टायरांतून पावले टाकीत जावे, ताणलेल्या दोराखालून रांगावे, फक्कीच्या रेषेवर तोल सांभाळीत चालावे, शेवटी दोघांनी मिळून पाण्याची बादली न सांडता न्यावी. मार्गावर एखादी खोटी खूण ठेवली, म्हणजे पुढच्यांना मागच्यांची गाठ पडेल. आजोबा आणि नातवंडे यांची जोडी लावली, तर आणखीच बहार.

अशा शर्यतीतून ऑलिंपिकवीर निर्माण होतीलच असे नाही. तो तिचा उद्देशही नव्हे. क्रीडासंमेलनातील त्या आठव्या मुलाने चाळिशीतही पायांत बूट घालून घराबाहेर पडावे, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. त्यासाठी शंभर मीटरची शर्यत बंद करण्याचे कारण नाही. तिच्यानंतर पोत्यांची शर्यत ठेवण्यास मात्र विसरू नये.