परस्परसंवादी माध्यमांतील ध्वनिसंकलन

ज्या दृक्‌श्राव्य कृतीत पुढे काय दिसावे वा ऐकू यावे हे ठरविण्याचा काही अधिकार वापरणाऱ्याकडे असतो, अशा कृतीसाठी ध्वनी निवडणे, त्याचे खंड पाडणे, त्यातील दोष काढणे आणि तो चित्राशी, मजकुराशी किंवा वापरणाऱ्याच्या क्रियेशी जोडणे, या कार्यास परस्परसंवादी माध्यमांतील ध्वनिसंकलन म्हणतात. संगणकीय खेळ, संग्रहालयांतील स्पर्शपटल, उच्चार ऐकविणारे शब्दकोश आणि महाजालावरील लोकगीतसंग्रह या कृतींत त्याचा अवलंब केला जातो.

चित्रपटाच्या ध्वनिसंकलनापासून हे कार्य एका मूलभूत बाबतीत भिन्न आहे. चित्रपटाचा ध्वनिपट आरंभापासून अखेरपर्यंत एकाच क्रमाने ऐकला जातो व कोणत्या संवादानंतर किती शांतता येणार, हे संकलकास आधीच ठाऊक असते. परस्परसंवादी कृतीत क्रम श्रोत्याच्या बोटावर अवलंबून असतो. तो एखादा खंड मधूनच ऐकतो, अर्ध्यावर थांबवितो, पुन्हा मागे जातो. म्हणून येथे एका सलग ध्वनिपटाऐवजी सुटे खंड आणि ते केव्हा, कशानंतर वाजावेत यांविषयीचे नियम तयार करावे लागतात. संगणकीय खेळांत यासाठी अखंड फिरणारे आवर्ती खंड व एकमेकांवर चढविलेले ध्वनिस्तर वापरतात. लोकगीतांच्या संग्रहात मात्र प्रश्न अधिक नाजूक असतो. कारण तेथील ध्वनी संकलकाने निर्माण केलेला नसून कोणा गाणाऱ्या व्यक्तीचा असतो.

जात्यावरील ओव्यांचा संग्रह : मराठी प्रदेशातील या कार्याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे जात्यावरील ओव्यांचा प्रकल्प होय. स्त्रिया काम करताना ओव्या गात असल्याचा निर्देश बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात आढळतो. तेथे तो कांडणाच्या संदर्भात आहे. पुण्यातील समाजशास्त्रीय संशोधक हेमा राईरकर व गी पॉइट्वाँ यांनी सु. दोन दशके खेडोपाडी सहकाऱ्यांच्या साहाय्याने १,१०,००० हून अधिक ओव्या लिहून घेतल्या. संगणक-अभियंता व संगीतशास्त्रज्ञ बर्नार बेल यांनी १९९० नंतरच्या दशकात या संहितांचा संगणकीय माहितीसाठा उभारला व त्यास १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची जोड दिली. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील भीमनगर वस्तीतल्या स्त्रियांच्या ओव्या १९९६ मध्ये याच कार्यात ध्वनिमुद्रित झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या या ओव्यांना लोकसाहित्याबरोबर सामाजिक इतिहासाचे साधन म्हणूनही मोल आहे. हे साहित्य प्रथम गुरगाव (हरियाणा) येथील संगीतविषयक अभिलेखागारात व नंतर फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथे जतन करण्यात आले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ (पारी) या संकेतस्थळावर त्याच्या निवडक भागांचे प्रकाशन सुरू झाले. तेथे संहिता, भाषांतर व ध्वनी एकाच पानावर येतात. वाचणारा ओवी वाचत असतानाच ती ऐकू शकतो.

खंड पाडणे : कागदावरील ओवी दोन ओळींची दिसते. गळ्यावरील ओवी तशी नसते. गाणारी स्त्री पहिली ओळ पुन्हा घेते, अर्धी ओळ उलटून म्हणते, मध्ये ‘ग बाई’ यासारखे पूरक शब्द घालते. छापील दोन ओळींचा विस्तार त्यामुळे कितीतरी वाढतो. ओवी नेमकी कोठे सुरू झाली व कोठे संपली, हा निर्णय संकलकास प्रत्येक वेळी घ्यावा लागतो. दोघी आळीपाळीने गात असतील, तर पहिलीचा शेवटचा स्वर विरण्यापूर्वीच दुसरी ओवी उचलते. तेथे सरळ छेद दिल्यास एकीचा शेवट किंवा दुसरीचा प्रारंभ तुटतो. पूरक शब्द अनावश्यक समजून गाळण्याचा मोहही काही संकलकांस होतो. तो टाळलाच पाहिजे, कारण चाल त्या शब्दांवरच तोललेली असते.

यावरील उत्तम उपाय म्हणजे मूळ ध्वनी न कापणे. सलग ध्वनिमुद्रणाची प्रत अबाधित ठेवावयाची आणि प्रत्येक ओवीचे आरंभबिंदू व अंत्यबिंदू सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत एका वेगळ्या सारणीत नोंदवावयाचे. संगणक ती सारणी वाचून तेवढाच भाग वाजवितो. कागदावर दोन परिच्छेद एकमेकांवर चढविता येत नाहीत. सारणीतील दोन खंड मात्र परस्परव्यापी असू शकतात, म्हणजे पहिलीचा विरता स्वर दोन्ही ओव्यांत राहतो. पुढे एखाद्या अभ्यासकास वेगळी सीमा योग्य वाटली, तर केवळ आकडे बदलावे लागतात. प्रत्यक्ष कापलेले सुटे खंड करावेच लागले, तर छेद तरंगाच्या शून्यबिंदूवर द्यावा व दोन्ही टोकांस ५ ते १० सहस्रांश सेकंदांचा चढ-उतार ठेवावा. अन्यथा प्रत्येक खंडाच्या आरंभी ‘टक्’ असा आवाज येतो.

शुद्धीकरण : गोंगाट कमी करणाऱ्या संगणकीय साधनांचे तत्त्व सोपे आहे. केवळ गोंगाट असलेला एक क्षण साधनास दाखवितात. त्यातील कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) ओळखून साधन त्या संपूर्ण ध्वनीतून वजा करते. पंख्याच्या किंवा यंत्राच्या एकसुरी आवाजास ही रीत मानवते. जात्याची घरघर मात्र एकसुरी नसते. खुंट्याच्या प्रत्येक फेऱ्यासरशी ती चढते व उतरते; घास पडला की तिचा पोत बदलतो. साधन ती पूर्ण काढू शकत नाही. आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि ‘स’, ‘श’, ‘ह’ यांसारखे घर्षयुक्त वर्ण घरघरीबरोबर वाहून जातात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही घरघर गोंगाट नव्हेच. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी बांधलेली असते. घरघर पुसली की गायिका कोठे श्वास घेते व का घेते, याचा उलगडा होत नाही. विजेच्या गिरण्या आल्यावर घरोघरची जाती थांबली आणि पुष्कळ ओव्या जात्याविना, आठवणीने गाऊन मुद्रित झाल्या. जेथे जाते खरोखर वाजते आहे, तेथे ते पुसून टाकणे म्हणूनच दुप्पट हानिकारक ठरते. उलट, जेथे ते नाही तेथे परिणामासाठी दुसरीकडची घरघर मागाहून जोडणे, हे नाट्यकृतीत चालेल; पुरावा म्हणून ठेवलेल्या संग्रहात ते चालणार नाही.

कोंबडा, मूल, रस्त्यावरील वाहन यांचे आवाज संकलकाने तारतम्याने ठेवावेत. ध्वनिग्राहकावर आदळणाऱ्या वाऱ्याचा अतिनीच कंप्रतेचा धडधडाट छानकाने (विशिष्ट कंप्रता अडविणाऱ्या योजनेने) काढण्यास प्रत्यवाय नसतो. मात्र शुद्ध केलेली प्रत आणि मूळ प्रत या दोन्ही जपाव्यात आणि काय काढले त्याची नोंद ठेवावी.

जतनप्रत व प्रसारप्रत : मनुष्यास सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. ध्वनीचे अंकीय रूप करताना सेकंदास त्याच्या कमाल कंप्रतेच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात. जतनासाठी दर सेकंदास किमान ४८,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास २४ द्विमान अंक ही मर्यादा सामान्यतः पाळतात. या मापाने द्विपथ ध्वनीच्या एका तासास सु. १,०३७ दशलक्ष बाइट लागतात. १२० तासांस सु. १२४ अब्ज. खेड्यातील भ्रमणध्वनीवर असा भार पाठविणे शक्य नसते. म्हणून सेकंदास १,२८,००० अंकांची संक्षिप्त प्रसारप्रत करतात. तीत एक तास सु. ५८ दशलक्ष बाइटांत मावतो. संक्षेपात कानास सहसा न जाणवणारे घटक गाळले जातात व ते परत मिळत नाहीत. संक्षिप्त प्रत पुन्हा संकलित करून पुन्हा संक्षिप्त केल्यास दोष साचत जातात. संकलन नेहमी जतनप्रतीवरच करावे, याचे कारण हेच.

प्रसारप्रत भ्रमणध्वनीच्या लहान कर्ण्यावरही ऐकून पहावी. असा कर्णा नीच कंप्रता जवळजवळ देतच नाही; अभ्यासिकेत गंभीर वाटलेली घरघर तेथे नाहीशी होते आणि गाणारीचा आवाज एकटा पडतो. निरनिराळ्या दिवशी मुद्रित झालेल्या खंडांची ऐकू येणारी पातळीही समान करावी लागते, कारण श्रोता एका गावाहून दुसऱ्या गावाकडे एका क्षणात जातो.

संहितेशी जोडणी : बोट लावल्यापासून सेकंदाच्या दशांशाच्या आत ध्वनी सुरू झाला, तर तो तत्काळ सुरू झाल्यासारखा वाटतो, त्यासाठी खंडाचा आरंभीचा अंश आधीच आणून ठेवतात. पान उघडताच आपोआप ध्वनी सुरू करण्यास २०१७–१८ पासून प्रमुख ब्राउझरांनी अटकाव केला. श्रोत्याने मागितल्याविना गाणे सुरू होऊ नये, हे ओवीसंग्रहाच्या दृष्टीने योग्यच झाले. प्रत्येक खंडास गायिकेचे नाव, गाव, तालुका व मुद्रणाचा दिनांक यांची नोंद जोडलेली असावी, कारण लोकगीत हे निनावी असते या समजुतीखाली गाणाऱ्या स्त्रियांची नावे दीर्घकाळ गाळली गेली आहेत.

संहिता लिहिताना उच्चार प्रमाण भाषेत बसवू नयेत. वाचकास शोध सुलभ व्हावा म्हणून प्रमाण रूप हवे असल्यास ते सारणीच्या वेगळ्या स्तंभात द्यावे. पटलावर मात्र गाणारीने उच्चारलेलेच रूप दिसले पाहिजे. डोळ्यांपुढे ‘जाते’ आणि कानात ‘जातं’ असे झाले, की श्रोता आपले ऐकणे चुकले असे समजून छापील रूपावर विश्वास ठेवतो.