गेम अडकतो म्हणून प्लॅन वाढवण्याआधी

"नेट स्लो आहे, गेम अडकतोय, मोठा प्लॅन घ्या ना!" हा हट्ट बहुतेक पालकांच्या ओळखीचा असेल. पण जरा थांबा. ५० एमबीपीएसचं कनेक्शन १०० चं केलं, तरी गेम बरेचदा अडकायचा तो अडकतोच; बिल मात्र वाढतं.

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती माहिती येऊ शकते. सिनेमा बघायला ती भरपूर लागते. गेमला थोडीच लागते, पण वेळेवर लागते. आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात. तो मिलिसेकंदांत मोजतात. पिंग कायम ६० असेल तर खेळ चालतो. ३० वरून एकदम ३०० वर जात असेल तर नाही. एसटी रोज दहा मिनिटं उशिरा आली तर आपण सवय करून घेतो. कधी वेळेवर, कधी तासभर उशिरा आली की पंचाईत. ऑनलाइन तासाला उत्तर देताना मुलांचा आवाज तुटतो, तोही बरेचदा याच कारणाने.

मग दोष कुठे आहे ते शोधा. कॉम्प्युटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पिंग लिहून पुढे राउटरचा पत्ता टाका (तो बहुधा राउटरखालच्या स्टिकरवर असतो). हे चार-पाच वेळा करा. आकडे इथेच उड्या मारत असतील तर दोष घरातला, वायफायचा. राउटरपर्यंत स्थिर आणि पुढे बिघडत असेल, तर कंपनीला फोन करा आणि हे आकडेच सांगा.

घरातल्या दोषावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लॅन केबल. दिसायला बरी नाही, पण काम करते. ते जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा, राउटरच्याच खोलीत बसून. २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह अशी सगळ्यांचीच गर्दी असते. आणखी एक, सहसा लक्षात न येणारं कारण: कुणाच्या तरी फोनमधून फोटो क्लाउडवर चढत असतात. त्या रांगेत गेमचा इवलासा संदेश मागे अडकतो. बॅकअप रात्रीवर टाका.

अंतराला मात्र इलाज नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन निदान ३९ मिलिसेकंद लागणारच, प्लॅन कुठलाही घ्या. गेमच्या सेटिंगमध्ये जवळचा सर्व्हर निवडता येतो का ते पाहा. आणि हे गणित आठवी-नववीच्या मुलांना स्वतः करायला द्या; लंडनचंही करू द्या.